दारावरची फुली

रोह्याचं लग्न आटपून सुभाषराव मुलगा, सून आणि छोटी नात इशिता यांच्यासह चार दिवसांनी पूनम सागर सोसायटीतल्या घरी परतले, तर दारावर खडूनं काढलेली फुली. मजल्यावरच्या बाकी दारांवर 'पी' होता. फुली तेवढी त्यांच्याच दारावर. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बंद घरं हेरून चोर अशा खुणा करून ठेवतात, असं त्यांनी नाक्यावर ऐकलं होतं.

त्यांनी ओल्या फडक्यानं फुली पुसून टाकली. मग जिन्यात कुणी नाही असं बघून समोरच्या नीलमच्या दारावरचा 'पी' पुसला आणि नातीच्या खडूनं तिथे तशीच फुली काढली. चोरांना यायचंच असेल तर तिकडे जाऊ देत.

तासाभरात समोरची बेल वाजली. सुभाषरावांनी दाराच्या भिंगाला डोळा लावला. खांद्याला निळी पेटी अडकवलेल्या दोन बायका नीलमशी बोलत होत्या.

"पोलिओच्या डोसाला आलोय, ताई. डोस झाला किंवा घरात बाळच नसलं की आम्ही दारावर 'पी' लिहितो, बाळ राहिलं असेल तर फुली मारतो. बाळाला आणताय ना?"

लग्नाला बारा वर्षं झालेली नीलम त्या फुलीकडे बघत राहिली.

"आमच्याकडे बाळ नाही," ती हळूच म्हणाली. मग स्वतःच पुढे होऊन तिनं सुभाषरावांची बेल दाबली.



"काका, इशिताला बाहेर आणा. तिचा डोस चुकून आमच्या दारात आलाय."