रंगवलेली तुळई
परसातला, खांबांवरचा उंच लाकडी ओटा डेस्मंडने हिवाळ्यापासून एकट्याने खपून नवा केला. "सुताराला बोलाव की, म्हाताऱ्या!" कुंपणापलीकडून शेजारी क्लाइव्ह चिडवायचा. "तूच बोलाव. मला हात आहेत," हा म्हणे. फळ्या बदलल्या, कठडा बदलला. घराकडची बाजू जिच्यावर टेकली होती ती भिंतीलगतची तुळई मात्र धड दिसली म्हणून नुसती रंगवली. इथला नाताळ भर उन्हाळ्यात यायचा. आज त्या जेवणाला लेकीसुना, नातवंडं ओट्यावर जमली होती. खालच्या शेगडीवरून कोळंबीचं ताट नेताना त्याला भिंतीपाशी वाळवीचा भुसा दिसला. ताट ठेवून तो ओट्याखाली धावला. खिशातला पेचकस त्याने तुळईत खुपसला. तो ओल्या मातीत जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. वरून बायकोची हाक आली, "ऊन आलं! चला, सगळे भिंतीजवळ सावलीत सरका!" "नका, थांबा!" तो ओरडला. पण वर खुर्च्या ओढल्याचाच आवाज होता. पेचकसाभोवतीचा नवा रंग सावकाश तडकू लागला.