आईच्या अक्षरातली गोळी

आई गेली आणि बाबांनी गोळ्यांना हात लावणं सोडलं. डब्यांवर वेळा लिहायचं काम तिचं होतं. दुसऱ्या कुणाच्या अक्षरातली गोळी त्यांच्या घशाखाली उतरेना. मग लेकीने जुन्या कागदांवरून आईच्या अक्षराचा फॉन्ट बनवून घेतला, चिठ्ठ्या छापून डब्यांवर चिकटवल्या आणि 'आईनेच ढीगभर लिहून ठेवल्यात' असं खुशाल ठोकून दिलं. बाबा निमूट गोळ्या घेऊ लागले. तिला मात्र दर चिठ्ठीला चोरी केल्यासारखं वाटायचं.

आज नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट काही केल्या बसेना. काढला, पुन्हा घातला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आईच्या अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन.

मागून बाबांनी पेन पुढे केलं. "राहू दे आता. हातानेच लिही."

तिला मान वर करवेना. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुझ्या आईचे दोन 'स' जन्मात कधी एकसारखे आले नाहीत."

 

बाबांनी पेन तिच्या हातात ठेवलं. "पण तू एवढी खटपट केलीस, मग गोळीला नाही कसं म्हणायचं?"