अख्खा देश पाठीशी

पोरगी कोसळली आणि तुम्ही जाहिरात लावलीत. चॅनेलवाल्यांनो, त्यानंतर तिच्या आईचं जे झालं, ते उन्हाचं काम नव्हे, नशिबाचंही नव्हे. हे तुम्ही केलंत.

तिची आई घरी टीव्हीपुढे बसली होती, पाय वर घेऊन, आवाज बंद करून. टेनिसच्या मैदानावर यायचं नाही असं लेकीनेच बजावलं होतं. "तू समोर असलीस की माझा हात जड होतो." आणि आवाज बंद, कारण तुमच्या समालोचकांचं कौतुक तिला ऐकवत नसे. सकाळपासून आपली वाघीण, आपली रणरागिणी. समोरची मुलगी कशी खेळते, आपलीची सर्व्हिस कुठे चुकते, अवाक्षर नाही.

"वाघीण म्हणे," ती शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीला म्हणाली, "पाल दिसली तर पलंगावर चढते माझी वाघीण."

दोघी हसत होत्या, तोवर पडद्यावर लेकीने सर्व्हिससाठी हात उचलला आणि चेंडू तिच्या बोटांतून नुसताच गळून पडला. तिने त्याच्याकडे बघितलं. मग उभीच्या उभी खाली आली.

हात पुढे केले नाहीत तिने. आईने तेवढंच पाहिलं. पाय घसरला तर माणूस हात टेकतो, रांगतं मूलसुद्धा टेकतं. हिने टेकले नाहीत.

आणि तुम्ही चित्र बदललंत. पडद्यावर पुन्हा तीच. केस मोकळे, गालाला लाली. हसत हसत ती मागे झुकली, हात पसरून गादीवर पडली, डोळे मिटले. खाली अक्षरं आली : अशी गादी, की उठावंसंच वाटू नये!

"ताई, रिमोट," आई म्हणाली. "ताई, रिमोट दे ना गं!"

रिमोट ताईच्याच मांडीखाली निघाला. आवाज सुरू झाला, तोवर गादी संपून स्टुडिओ आला होता. चार कोटवाले. मागे लेक पडत होती, सावकाश, पुन्हा पुन्हा. एकाने तिच्या घोट्याभोवती लाल गोल काढला. "पाय मुरगळलेला दिसतो." दुसऱ्याने टेबलावर मूठ आपटली. "ही उठणार! हिच्या रक्तातच लढणं आहे!" तिसरा, सामना सोडला तर क्रमवारीत ती किती घसरेल, ते सांगू लागला.

"अरे, मैदान दाखवा ना मेल्यांनो!" ताई ओरडली. "यांचं काय जातंय? पोरगी जिंकली तरी यांचंच फावतं, आणि मेली त..."

तिने जीभ चावली. आईने ऐकलं की नाही, कळलं नाही. ती लेकीच्या प्रशिक्षकाला फोन लावत होती. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला.

पडद्याच्या तळाशी एक नंबर सरकत होता. आपल्या लाडक्या लेकीला शुभेच्छा द्या. आईने तो फिरवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"शुभेच्छा थोडक्यात सांगा हं, मॅडम," एक कोवळा आवाज म्हणाला.

"मी आई आहे तिची. ती शुद्धीवर आहे का?"

तोंड बाजूला करून तोच आवाज ओरडला, "सर, आई आहे! खरी आई!"

आईच्या जिवात थोडा जीव आला. आता कुणीतरी बघून सांगेल. खट्ट आवाज झाला आणि स्टुडिओतले चौघे एकदम गंभीर झाले. त्यांच्या शेजारी तिचाच फोटो झळकला, कुठल्याशा बक्षीस समारंभातला, डोळे अर्धवट मिटलेला. निवेदकाने हात जोडले.

"आई, अख्खा देश तुमच्या पाठीशी उभा आहे. या क्षणी मनात काय चाललंय?"

"तुमचा कॅमेरा आहे ना तिथे?"

तिचं तेच वाक्य जरा उशिराने टीव्हीतून बाहेर पडलं. आपण किती घाबरलोय हे तिला त्या आवाजावरून कळलं. ताईने झटकन टीव्ही मुका केला.

"आई, रडू नका. लेकीला काय संदेश द्याल?"

"मी रडत नाहीये. संदेश राहू दे. तो कॅमेरा तिच्याकडे वळवा. पायाकडे नको, वर घ्या."

निवेदकाने कानातल्या बटणावर बोट दाबलं. मान हलवली. आईकडे नाही, दुसऱ्याच कुणाकडे बघून.

"काय झालं? कुणी काय सांगितलं तुम्हाला? अहो, मी तुम्हाला विचारतेय. तिची छाती हलतेय का?"