गेलेल्यांची नावं

मातारिकीच्या, म्हणजे आमच्या माओरी नववर्षाच्या, हिवाळी सुट्टीत आमच्या बालमंडळाची पहाटेची शेकोटी ठरत होती. मंडळात माझ्या मदतीला असलेला होने म्हणाला, “नायरी, सॉसेज यंदा निम्मीच आण. गावात पोरं उरलीत कुठे खायला?”

पोरांना मी एकच काम दिलं होतं. मातारिकीच्या, म्हणजे कृत्तिकेच्या, चांदण्या पहाटे उगवल्या की वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची असतात, ती घरून लिहून आणायची. बहुतेकांनी एखादी आजी आणली, एकाने कुत्रा. आठ वर्षांच्या रिपेकाने मात्र अकरा नावांचा कागद हातात ठेवला.

चष्मा शोधता शोधता मी विचारलं, “अगं बाई, एवढी माणसं कशाने गेली गं?”



“विमानाने, आंटी. ब्रिस्बेनला, कामाला. बाबांचं नाव पहिलं घे हां.”