टाकीचा खटका

शीलाताईंनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण मोटरसायकलवरून सोडवलं, कानाशी नेलं आणि हलवलं. आत बारीकसं काहीतरी खुळखुळलं.

"स्प्रिंग बदललीत?"

"दोनदा," विश्राम जोगळेकर म्हणाले. "खटका वाकवूनही पाहिला. नवं झाकण मागवलं, ते बसतच नाही. एकाहत्तर सालची गाडी आहे."

विश्रामराव निवृत्त होईपर्यंत इथेच, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, सुटे भाग तपासायचं काम करत होते. तरी हा कोपऱ्यातला गाळा आणि तो एकटीने चालवणारी ही पन्नाशीची बाई त्यांना आजच कळली होती. मागच्या आठवड्यात एका खड्ड्यात खटका सुटला आणि पेट्रोल उसळून तापलेल्या इंजिनावर सांडलं. पेटलं नाही, एवढंच. मागे मुलगी बसली होती. घरी आल्यावर अंतरा शांतपणे म्हणाली, "बाबा, आता ही विकून टाका." झाकण धड झालं नाही तर विकतो, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

शीलाताईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. खटका ज्या पिनवर फिरतो ती पिन हलकेच ठोकून बाहेर काढली आणि झाकणातलं तिचं भोक उजेडाकडे धरलं.

"बघा काका. गोल राहिलंय?"

भोक तांदळाच्या दाण्यासारखं लांबट झालं होतं. पिनही एका अंगाने झिजलेली.

"मला दिसायला हवं होतं हे," विश्रामराव म्हणाले.

"पिन आत असताना नाही दिसत ते. ती काढायला लागते."

शीलाताईंनी भोक पुन्हा गोल करून घेतलं आणि स्टीलच्या सळीतून थोडी जाड पिन लेथवर काढली. पिन बसली. खटका कटकन लागला. विश्रामरावांनी समाधानाने मान हलवली, तोवर शीलाताईंनी ती परत उपसली होती.

"बसली होती की."

"अडकत होती जरा. अडकली की झिजणार."

पॉलिश पेपरचे चार हात, पुन्हा बसवणं, पुन्हा काढणं. असं तीनदा झालं. 'अडकली की झिजणार' हेच वाक्य विश्रामराव तीस वर्षं इतरांना ऐकवत आले होते आणि ऐकणाऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची.

झाकण टाकीवर चढलं. शीलाताईंनी त्याच्याभोवती पांढरा खडू फासला. "टाकी भरलेलीच आहे. बाहेरच्या गतिरोधकांवरून जाऊन या. थेंब जरी आला तरी खडू भिजेल."

विश्रामराव मुद्दाम एकही खड्डा न चुकवता परत आले. शीलाताई वाकल्या, कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं. कोरडी पांढरी भुकटी.

इंजिन चालूच होतं. विश्रामराव उतरले, पण त्यांनी ते बंद केलं नाही.

"तुम्ही चालवता?"

"लग्नाआधी चालवायचे. गावी, भावाची."

"मग एक चक्कर मारून या."

आजवर त्यांनी ही गाडी जावयालाही दिली नव्हती. शीलाताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, हात दोनदा पुसले, ओढणी कमरेला बांधली आणि टांग टाकली.

वळणावर गाडी दिसेनाशी झाली. विश्रामराव गाळ्याच्या दारात उभे राहिले. बेचाळीस वर्षं गाडी त्यांच्याकडे होती. लांब जाताना तिचा आवाज कसा येतो, ते आज पहिल्यांदा ऐकत होते.