साहेब मीटिंगला आहेत

तहसील कचेरीला कुलूप लागलं, तरी म्हातारी पायरीवरच बसून होती. डबा घेऊन घरी निघालेल्या तहसीलदार यमुना गावितांना तिनं विचारलं, “बाई, साहेब गेलं का वो?”

दिवसभर ‘साहेब, साहेब’ ऐकून यमुनाबाईंचं डोकं उठलं होतं. नुसतं ‘बाई’ ऐकून बरं वाटलं. त्या शेजारी टेकल्या. “काम काय होतं, आजी?”

“हयातीचा दाखला. मी जिती हाय, एवढं साहेबानं लिहून द्यायचं. तीन दिस हेलपाटे घालतीया. शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगला.”

यमुनाबाईंनी कागद डब्यावर ठेवून सही केली. “शिक्का सकाळी मारून घ्या.”

म्हातारी घाबरली. “तुमी कशाला केली सही? साहेब वरडतील तुमास्नी.”

“नाही ओरडणार,” त्या म्हणाल्या. “फार दमलेत ते.”