टाक्यापाशी डावीकडे

"राजवाड्याची तिकिटं आधीच काढलीत? शहाण्या आहात. पण ओळखपत्र जवळ ठेवा बरं, नाहीतर दारातून परत पाठवतात." एन्कार्नाबाई बसथांब्याच्या बाकावर जरा सरकून बसल्या. "आणि बारमध्ये गेलात की आधी खायला मागू नका. नुसतं पेय मागायचं. खाण्याची बशी आपोआप येते. दुसरं पेय, दुसरी बशी. तिसऱ्याला जेवण झालेलं असतं. हे फक्त आमच्या ग्रानादात."

स्पेनच्या पार उत्तरेकडच्या ओव्हिएदोहून आलेल्या त्या दोघी मायलेकी हसल्या. आई पासष्टीची, लेक तिशीची. आईनं लेकीचा दंड धरला होता, सवयीनं, त्याकडे लक्षही न देता.

एन्कार्नाबाईंचं मात्र तिकडेच लक्ष होतं.

दोन दिवसांच्या पावसानंतर नोव्हेंबरचं आभाळ धुऊन निघालं होतं. टेकडीवरच्या जुन्या वस्तीतल्या कठड्यावरून आज डोंगरावरचं बर्फ दिसणार होतं, आणि सहाच्या सुमारास समोरचा राजवाडा लाल होणार होता. एन्कार्नाबाईंना तिथं जायचं होतं. बसनं जाता आलं असतं, पण पुढच्या गुळगुळीत दगडांच्या पायऱ्या एकटीनं चढण्याजोग्या नव्हत्या. खुब्याचं हाड मोडल्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या वर गेल्या नव्हत्या. कुणाचा तरी हात हवा होता. 'मला न्याल का?' असं परक्या माणसाला विचारणं त्यांच्या जिभेला जमलं नसतं. समोरून कुणी 'चला ना आमच्याबरोबर' म्हणालं, तर गोष्ट वेगळी. म्हणून त्या रोज दुपारी चांगला कोट घालून, सपाट बूट चढवून थांब्यावर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सांगत.

"तुझं चुकतं कुठं माहीत आहे?" थांब्याशेजारी शेगडी मांडून चेस्टनट विकणारी त्रिनी ते भाजता भाजता कालच म्हणाली होती. "सगळं सांगून मोकळी होतेस. सगळी कृती सांगितली की सुगरणीला कोण बोलावतंय? जरा हातचं राखून सांगत जा, बाई."

"आणि सूर्यास्त कुठून बघायचा?" लेकीनं विचारलं. "आमची उद्या सकाळची गाडी आहे. आजचाच काय तो दिवस."

"सगळे जातात त्या चौकात जाऊ नका. लोकांच्या डोक्यांचे फोटो काढून परत याल. ही छोटी लाल बस घ्या. सुटे पैसे ठेवा, मोठी नोट घेत नाहीत. मागच्या खिडकीशी बसा, डाव्या हाताला. कमान गेली की चौथ्या थांब्यावर उतरा. तिथून पायऱ्या. कठड्याला धरून चढा, पावसानं दगड निसरडे असतील. वर दगडी टाकं लागेल."

"टाक्यापासून पुढे?"

एन्कार्नाबाई थांबल्या. शेगडीपाशी त्रिनीचा झारा थांबला.

"पुढे... पुढे जरा अवघड आहे. दोन गल्ल्या फुटतात, दोन्ही सारख्याच. सांगून कळायचं नाही. फोनही तिथं वेड्यासारखं करतो. कुणीतरी दाखवायलाच हवं."

त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि पर्स मांडीवरून उचलून हातात घेतली.

"काही हरकत नाही," लेक म्हणाली. "वर विचारू कुणाला तरी."

वर विचारायला आता होतं कोण? एन्कार्नाबाईंच्या ओळखीचं एकही दार तिथं उरलं नव्हतं. घरोघर दोन दिवसांसाठी भाड्यानं उतरलेले पाहुणे, आणि दारोदार त्यांच्यासाठी टांगलेल्या किल्ल्यांच्या छोट्या पेट्या. त्यांना टाकं तरी कुठलं माहीत असणार? पण एखादी कसलेली सुगरण मिठाचा डबा पाठीमागे लपवून उभी राहावी, तशा गप्प बसल्या.

बस आली. लेकीनं आधी आईला चढवलं. पायरीवर आई क्षणभर थांबली, गुडघा चोळला आणि वळून म्हणाली, "फार उपकार झाले, बाई. आयुष्यात एकदा हे बघायचं होतं. या गुडघ्यांनी दुसऱ्यांदा काही येणं होणार नाही."

दार बंद झालं.

एन्कार्नाबाई उठल्या. खुब्यातून कळ आली तरी तशाच बसच्या कडेनं चालत गेल्या आणि मागच्या काचेवर बोटातल्या अंगठीनं ठोकू लागल्या. आत त्या दोघी डाव्या हाताच्या खिडकीशीच बसल्या होत्या.

"डावीकडे! टाक्यापाशी डावीकडे!"

आईनं कानाला हात लावून मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं. चालकानं आरशात पाहिलं आणि पुढचं दार पुन्हा उघडलं. एन्कार्नाबाई धापा टाकत दारापर्यंत आल्या आणि आत डोकावून ओरडल्या, "टाक्यापाशी डावीकडे वळा. उजवी गल्ली भिंतीला लागते. डावीकडे, आणि मग सरळ."

"एवढंच?" मागून लेकीचा मोकळा आवाज आला. "बघ आई, सोपं तर आहे!"

दोघींनी हात हलवले. एन्कार्नाबाईंनीही हलवला.

"आता तुझ्यापुढे मेणबत्तीच लावायला हवी," शेगडीपाशी त्रिनी पुटपुटली. "संतच झालीस की." पण चेस्टनटची एक पुडी तिनं बांधायला घेतली होती.

चालक दार उघडं ठेवून वाट बघत होता. "काय एन्कार्नाबाई, चढताय ना? पुढची जागा रिकामी आहे."

एन्कार्नाबाईंनी आत पाहिलं. आईनं लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

"नाही रे लेकरा," त्या म्हणाल्या, "जा तू. मला दुसऱ्या बसनं जायचंय."

चालकानं दार लावून घेतलं. अकरा वर्षं तो हीच गाडी चालवत होता, आणि त्या थांब्यावरून दुसरी बस सुटत नाही.